कडी दाराला, जोर चौकटीला

हार्डवेअरच्या दुकानात कडी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी कडी तळहातावर घेऊन तिचं वजन बघतं. जड लागली की मजबूत. दुकानदारही मग त्याहून जाड दांड्याची काढून दाखवतो आणि सौदा पटतो. दांडा जाड असण्यात वाईट काहीच नाही. पण कोणी दारावर लाथ घातली किंवा कटावणी लावली, तर दांडा क्वचितच मोडतो. चौकट फाटते, नाहीतर दांडा ज्यात अडकतो तो चौकटीवरचा कोयंडा स्क्रूंसकट उपटून येतो. कडी जशीच्या तशी, आणि तिच्या दांड्याला अडकून लोंबणारा कोयंडा, त्यात अर्ध्या इंचाचे चार स्क्रू. पैसे गेले दांड्यात, दार हरलं स्क्रूत.

किल्ल्याच्या मुख्य दरवाजातून आत शिरल्यावर मागे वळून पाहिलंत, तर पुष्कळ ठिकाणी दोन्ही बाजूंच्या भिंतींत समोरासमोर चौकोनी भोकं दिसतात. एक उथळ, दुसरं चांगलं खोल. ती अडसराची. दरवाजा उघडा असताना लाकडाचा तो वासा खोल भोकात ढकलून ठेवायचा आणि बंद करताना ओढून समोरच्या भोकात सरकवायचा. बाहेरून कितीही धडका बसोत, दार अडसरावर रेलणार आणि अडसर दगडी भिंतीवर. मधे ना स्क्रू, ना खिळा. वाड्यांच्या दारांमागेही लहान आकारात हीच सोय असायची. धक्का कोणत्या बाजूनं येणार आणि तो शेवटी कोण झेलणार, हे त्या सुतारानं आधी ठरवलेलं असे. आपण कडी आधी घेतो आणि तो विचार करतच नाही.

आता फ्लॅटचं मुख्य दार घ्या. ते सहसा आत उघडतं. बंद असताना चौकटीच्या खाचेत बसतं, आणि आतून पाहिलं तर दार आणि चौकट साधारण एका पातळीत येतात. कडी दारावर, कोयंडा चौकटीवर, दोन्ही आतल्या अंगाला. बाहेरून कोणी खांदा मारला की दार आत येऊ बघतं, दांडा कोयंड्याला आत रेटतो आणि कोयंडा चौकटीपासून सुटू बघतो. म्हणजे स्क्रू ज्या वाटेनं लाकडात गेले, त्याच वाटेनं उलटे उपसले जातात. लाकडात बसवलेला स्क्रू आडवा जोर बराच सोसतो, पण असं सरळ उपसणं त्याला झेपत नाही. त्यातून तो आखूड असेल तर विचारायलाच नको.

बाहेर उघडणाऱ्या दाराचं, म्हणजे सेफ्टी डोअरचं किंवा काही घरांत मागच्या दाराचं, गणित उलटं. ते बाहेरून ओढलं जातं, दांडा चौकटीत अडकलेला राहतो आणि कडीची पट्टीच दारावरून उखडायला लागते. तिथे चौकटीपेक्षा दारावरच्या स्क्रूंची काळजी जास्त, आणि खरं तर स्क्रूऐवजी आरपार नट-बोल्टच हवेत. शिवाय अशा दाराच्या बिजागऱ्या बाहेरून दिसतात. त्यांची पिन खालून ठोकून वर काढता आली, तर तुमची कडी कितीही भारी असो, दार दुसऱ्या बाजूनं निघेल. पिनेच्या टोकाला वेल्डिंगचा टाका मारून घ्यायला फॅब्रिकेटरला पाच मिनिटं लागतात.

दार आत उघडतं की बाहेर, एवढा एक प्रश्न दुकानात जाण्यापूर्वी विचारलात तरी निम्मं काम झालं. बाकीचं निम्मं स्क्रूंचं.

कडीच्या पाकिटात येणारे स्क्रू बहुतेक वेळा अर्धा ते पाऊण इंचाचे असतात. त्यातली पट्टीची जाडी वजा करा, म्हणजे लाकडात किती शिरतो ते कळेल. सागवानी चौकट साधारण चार बाय अडीच इंचांची असते, तेव्हा दीड-दोन इंचांचा ८ नंबरचा स्क्रू तिच्यात आरामात मावतो. कोयंड्याला हे लांब स्क्रू वापरा. शक्य असेल तर काटकोनात वळलेल्या पट्टीचा कोयंडा घ्या, ज्याची एक बाजू चौकटीच्या समोरच्या अंगावर आणि दुसरी खाचेच्या आत बसते. खाचेतल्या बाजूच्या स्क्रूंवर जोर आडवा येतो, म्हणजे स्क्रू जिथे बलवान तिथेच त्याला कामाला लावलं.

स्क्रू बसवण्याची पद्धत मात्र उभं राहून बघा. सुतार घाईत असला की स्क्रू हातोडीनं ठोकून घालतो आणि शेवटचे दोन आटे तेवढे पेचकसानं फिरवतो. वरून काहीच कळत नाही. आत लाकडाचे तंतू फाटलेले असतात, आटे कशालाच धरत नाहीत. ८ नंबरच्या स्क्रूला सागवानात आधी ३ मिलिमीटरचं भोक पाडावं, आट्यांवर साबणाची वडी घासावी आणि मग पूर्ण फिरवत बसवावा. पितळी स्क्रू असतील तर आणखी सांभाळून. टणक लाकडात त्यांचं डोकं तुटून हातात येतं. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून वाट तयार करायची, तो काढायचा, मग पितळी घालायचा. जुनं भोक सैल झालं असेल, तर सागवानाची बारीक खिटी फेव्हिकॉल लावून त्यात ठोका, रात्रभर वाळू द्या आणि नव्यानं भोक पाडा. काडेपेटीच्या काड्या भरतात बरेच जण. बाथरूमच्या दाराला चालतील, मुख्य दाराला नकोत.

चौकट भिंतीला कशी धरली आहे, हेही बघायला हवं. लाकडी चौकटीला दोन्ही बाजूंना होल्डफास्ट, म्हणजे तिला भिंतीशी जखडणाऱ्या लोखंडी पट्ट्या, असतात आणि ते भिंतीत काँक्रीटनं पक्के केलेले असतात. दार आपटल्यावर चौकट आणि प्लॅस्टर यांच्यामधे केसासारखी रेघ उघड-मिट होताना दिसली, तर होल्डफास्ट सैल आहेत असं समजा. अशा चौकटीवर महागाची कडी लावणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी गवंडी, मग सुतार.

दारातही सगळीकडे सारखं लाकूड नसतं. फ्लश डोअरच्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी सपाट असलेल्या तयार दाराच्या, कडेनं भरीव लाकडाची पट्टी असते, आत ब्लॉकबोर्ड, चुऱ्याचा बोर्ड किंवा स्वस्तातल्या दारात चक्क पोकळी. बोटाच्या पेरानं वाजवत गेलात की आवाज बदललेला कळतो. कडीचे स्क्रू भरीव भागातच यायला हवेत. कुलपाच्या उंचीवर कारखान्यातच एक ठोकळा बसवलेला असतो, पण पुष्कळदा एकाच बाजूला. उलटं लावलेलं दार असेल तर मॉर्टिस लॉक, म्हणजे दाराच्या जाडीत बसणारं कुलूप, पोकळीत जाऊन बसतं. पोकळ दाराला कडी लावायचीच असेल तर आरपार बोल्ट आणि मागून लोखंडी पट्टी, दुसरा उपाय नाही.

आता प्रकार. आल्ड्रॉप म्हणजे आडवा सरकणारा जाड दांडा आणि त्याला कुलूप अडकवायची सोय. टॉवर बोल्ट म्हणजे लांबट पट्टीवर बसवलेली, आतून लावायची साधी कडी, सहसा चार इंचांपासून बारा इंचांपर्यंत मिळते. या दोन्हींसाठी भारतीय मानक ब्युरोची मानकं आहेत, टॉवर बोल्टसाठी आयएस २०४ आणि लोखंडी आल्ड्रॉपसाठी आयएस २८१. पाकिटावर ती बघितली तर हरकत नाही, पण दांडा हातानं हलवूनही बघा. पट्टीत दांडा लडबडत असेल, तर तो दारातही लडबडणार.

बाहेरच्या आल्ड्रॉपची एक खोड आहे. कुलूप लावल्यावरही त्याच्या पट्टीचे स्क्रू उघडेच दिसत असतील, तर कुलूप फोडायची गरजच नाही, पेचकस पुरे. म्हणून बाहेरून गोल गुळगुळीत डोक्याचे बोल्ट, आतून वायसर आणि नट. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि ते न केलेली दारं कोणत्याही सोसायटीत जिना चढताना मोजता येतील.

दुसरी खोड अशी की बाहेर लोंबणारं कुलूप म्हणजे 'घरात कोणी नाही' अशी पाटीच. मॉर्टिस लॉक किंवा आतून बसवलेलं नाइट लॅच बाहेरून सारखंच दिसतं, तुम्ही घरात असा की गावाला गेलेले असा. आणि तिसरी, बातम्यांत वारंवार येणारी गोष्ट: चोर एका घरात शिरण्याआधी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दारांना बाहेरून कड्या घालून ठेवतात, म्हणजे आरडाओरडा झाला तरी कोणी मदतीला येऊ नये. दाराला चांगलं मॉर्टिस लॉक असेल तर बाहेरचा आल्ड्रॉप काढून टाकावा असं माझं मत आहे. काढवत नसेल तर घरात असताना तो उघड्या स्थितीत कुलूप अडकवून ठेवा, म्हणजे कोणाला सरकवता येणार नाही.

नाइट लॅचबद्दल एक गैरसमज पक्का आहे. दार ओढून घेतलं, 'खट' झालं, लागलं. त्या 'खट'मागे स्प्रिंगवरची एक जीभ असते, तिचं तोंड एका बाजूनं उतरतं असतं. उतरतं असतं म्हणूनच ती दार ओढल्यावर आपोआप आत दबते आणि मग बाहेर येऊन अडकते. पण जी जीभ चौकटीच्या धक्क्यानं दबते, ती फटीतून सरकवलेल्या पातळ, लवचिक पट्टीनंही दबू शकते. चावी फिरवल्यावर बाहेर येणारा बोल्ट वेगळा. त्याचं तोंड चौकोनी, मागे स्प्रिंग नाही, ढकलून तो मागे जात नाही. तेव्हा भाजी आणायला खाली उतरतानाही चावी फिरवा. दोन फेऱ्यांचं लॉक असेल तर दोन्ही.

फटी आणि भोकं ही कडीची जुनीच शत्रू आहेत. १८६०च्या भारतीय दंड संहितेत घरफोडीची व्याख्या कलम ४४५मध्ये होती आणि तिच्याखाली उदाहरणं दिली होती. त्यातल्या एका उदाहरणात एक माणूस दाराच्या भोकातून तार घालून खिटी उचलतो आणि आत शिरतो. दुसऱ्यात घरमालकाची हरवलेली किल्ली सापडते आणि तिनं दार उघडलं जातं. कायद्यानं दोन्हीला घरफोडीच म्हटलं. १ जुलै २०२४पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, व्याख्या आता कलम ३३०मध्ये आहे, आणि तार अजूनही तीच आहे. सेफ्टी डोअरच्या जाळीतून हात किंवा आकडा आतल्या कडीपर्यंत पोचत असेल तर ती कडी दिखाऊ. कडीच्या आजूबाजूला पत्र्याची आडपट्टी मारून घ्या. आणि नव्या घरात राहायला जाताना, भाड्याचं असो वा स्वतःचं, मॉर्टिस लॉकचं फक्त सिलिंडर, म्हणजे चावी जिथे जाते तो भाग, बदला. अख्खं लॉक बदलावं लागत नाही. आधीच्या भाडेकरूकडे, रंगाऱ्याकडे, एजंटकडे किती चाव्या फिरल्या असतील ते कोणालाच सांगता यायचं नाही.

कड्या किती आणि कुठे? दाराच्या एका कडेला तीन बिजागऱ्या असतात आणि दुसऱ्या कडेला मधोमध एकच कुलूप. साहजिकच त्या बाजूचे वरचे आणि खालचे कोपरे धक्क्याला वाकतात आणि कटावणीला तिथेच जागा मिळते. मधे लॉक, वर एक टॉवर बोल्ट, आणि खाली फरशीत जाणारा एक, अशी मांडणी मला सगळ्यात पटते. आत उघडणाऱ्या दाराला फरशीतली कडी फार उपयोगी, कारण तिथे कोयंडाच नसतो. दांडा थेट जमिनीत, अडसरासारखा.

ती बसवायची कशी, ते सविस्तर सांगतो, कारण बिघडतं ते इथेच. दार बंद करा आणि कागदाची घडी फटीत सारून ते हलणार नाही असं घट्ट करा. टॉवर बोल्ट कडेच्या भरीव पट्टीवर, अगदी उभा धरून फक्त दोनच स्क्रू लावा, एक वर, एक खाली. दांड्याच्या टोकाला ओलं गंध किंवा ओला खडू लावा आणि दांडा खाली सोडा. फरशीवर टिकली उमटेल, तेच भोकाचं केंद्र. फरशीवर चिकटपट्टी लावून त्यावर खूण करा, म्हणजे ड्रिल घसरत नाही. वरचा चकचकीत थर आधी टाइलच्या बिटनं, ड्रिलचा हातोडा (ठोके देण्याची सोय) बंद ठेवून, हळू कापा. थर फुटला की मग काँक्रीटचं बिट आणि हातोडा चालू. पहिल्यापासून हातोडा लावलात तर फरशीला तडा जातो, आणि त्या रंगाची टाइल आता बाजारात मिळत नाही हे त्याच दिवशी कळतं. भोक दांड्यापेक्षा दोन मिलिमीटर मोठं, इंचभर खोल. त्यात पितळी नळीचा तुकडा बसवा. दांडा तीनचार वेळा खाली-वर करून बघा, कुठे घासत असेल तर ते दोन स्क्रू सैल करून पट्टी सरकवा. सगळं जमलं की मगच उरलेले स्क्रू. या भोकात केर आणि पोछ्याचं पाणी साचणार, तेव्हा अधूनमधून काडीनं उकरावं लागेल. तो त्रास मान्य नसेल तर फरशीतल्या कडीच्या नादी लागू नका.

वरचा कोयंडा बसवताना उलट्या क्रमानं जा. आधी कडी दारावर बसवा, दांडा पूर्ण बाहेर काढा, कोयंडा दांड्यावर चढवा, दार खाचेत घट्ट दाबून धरा आणि तिथेच खूण करा. कोयंडा जरा जरी सैल बसला तर वाऱ्यानं दार रात्रभर खडखडत राहतं.

बसवल्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी तक्रार येते, 'कडी लागत नाही'. मग कोणीतरी कानस घेऊन भोक खाली वाढवतं. थांबा. दार बिजागरीच्या बाजूनं सैल झालं की कडीच्या बाजूनं खाली उतरतं, म्हणून दांडा भोकाच्या खालच्या कडेवर आपटतो. दोष वरच्या बिजागरीचा आहे. तिचा एखादा स्क्रू काढून दोन इंचांचा घाला, दार पुन्हा वर येतं आणि कडी आपोआप लागते. भोक वाढवत राहिलात तर शेवटी कडी लागते, पण धरत काहीच नाही.

पावसाळ्याची तक्रार वेगळी. आषाढ-श्रावणात लाकूड हवेतलं पाणी पिऊन फुगतं, कोकणात तर दार चौकटीत रुतूनच बसतं. त्या वेळी रंधा मारून दार तासून घेतलं की थंडीत लाकूड आकसतं आणि बोटभर फट पडते, म्हणजे पुन्हा तार घालायला वाट. दार तासायचंच असेल तर कोरड्या दिवसांत, फार थोडं, आणि तासलेल्या कडांना लगेच रंग किंवा पॉलिश. कडा कोऱ्या राहिल्या तर पाणी तिथूनच आत जातं.

धातूबद्दल थोडक्यात. खिशात लहान चुंबक घेऊन दुकानात जा. 'पितळी' कडीला ते चिकटलं तर आत लोखंड आहे, वरून मुलामा. स्टेनलेस स्टीलच्या बाबतीत चुंबक फारसं मदतीला येत नाही, कारण स्वस्त २०२ आणि चांगलं ३०४, या दोन्ही प्रतींना ते जवळपास चिकटत नाही. तिथे कडीवरचा शिक्का आणि दुकानदाराचा शब्द. समुद्राजवळ पितळ किंवा ३०४ घ्या, परवडलं तर ३१६. आणि कडी पितळी तर स्क्रूही पितळीच. लोखंडी स्क्रू पितळाच्या संगतीत लवकर गंजतो.

इथवर सगळं चोरासाठी झालं. आतल्या दारांचा हिशेब अगदी उलटा आहे. बाथरूमच्या, बेडरूमच्या कडीचं काम फक्त आडोसा राखण्याचं. ती बाहेरून उघडता यायला हवी. लहान मूल आत जाऊन कडी लावतं आणि काढता येत नाही म्हणून रडतं, हे घरोघरी होतं. म्हातारं माणूस न्हाणीघरात घसरून पडतं, हे त्याहून वाईट, कारण दार आत उघडणारं असेल तर पडलेल्या माणसानंच ते अडतं. बाहेरून नाणं घालून फिरवता येईल अशी खाच असलेलं बाथरूमचं लॅच मिळतं, तेच घ्या. आजी-आजोबा असतील तर दार बाहेर उघडणारं करून घेता आलं तर फारच उत्तम. पोकळ पीव्हीसीच्या दाराला स्क्रू धरतच नाहीत, तिथे छोटे आरपार बोल्ट लागतात. लहान मुलांचा हात पोचू नये म्हणून वेगळी कडी लावायची तर ती मोठ्यांच्या खांद्याएवढ्या उंचीवर. पण घरात व्हीलचेअर असेल तर हा नियम बदलतो, कडी बसल्या जागी हाताला यायला हवी आणि तिची मूठ चिमटीत धरायची नको, मुठीनं ढकलता येणारी हवी. संधिवाताच्या बोटांना छोटी गोल गुंडी किती छळते ते त्यांनाच विचारा.

भाड्याच्या खोल्यांत, वसतिगृहांत आणि चाळीच्या सामाईक संडासांत कडीची अवस्था सगळ्यात वाईट असते. दिवसभरात पंचवीसतीस हात तिला ओढतात आणि ती असते पत्र्याच्या दाराला, दोन रिव्हेटवर. तिथे नाजूक टॉवर बोल्ट टिकत नाही. जाड सळईची साधी वेल्डिंगची कडी लावावी, चौकटीला वेल्ड केलेली वाटी द्यावी. दिसायला ओबडधोबड, पण आत गेलेल्या बाईला एका हातानं दार धरून बसावं लागत नाही.

शेवटचा मुद्दा आगीचा, आणि यात तडजोड नको. मुख्य दार आतून चावीशिवाय उघडलंच पाहिजे. आतूनही चावी लागणारं लॉक, किंवा रात्री सेफ्टी डोअरला आतून लावलेलं कुलूप, चोराला थोडं अडवतं आणि धूर झाला की घरच्यांना पूर्ण अडवतं. बॅटरीवरच्या डिजिटल लॉकलाही आतून हातानं फिरवायची मूठ आहे ना, हे विकत घेण्याआधी करून बघा. खिडक्यांना ग्रिल आणि दाराला आतून कुलूप अशा घरात बाहेर पडायला वाटच उरत नाही. ज्यांना कुलपाशिवाय झोपच येत नाही, त्यांनी निदान त्याची किल्ली दाराजवळच्या एकाच ठरलेल्या खिळ्याला टांगावी, घरातल्या सगळ्यांना, मुलांना आणि रात्री राहणाऱ्या मदतनीसालाही तो खिळा दाखवावा, आणि दिवे घालवून एकदा ती शोधून बघावी. फक्त खिळा जाळीतून काठीनं किल्ली ओढता येईल इतका दाराला चिकटून नको.